ग्रुप क्लासमध्ये जोर किती लावायचा, उत्साह कसा टिकवायचा: बडोद्याच्या बॅचेससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरोबिक्स, झुंबा, स्टेप, सर्किट, सोसायटीच्या गच्चीवरचा व्यायाम किंवा कमाटीबागेतली सकाळची टोळी, प्रकार कुठलाही असो, बॅचला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण हेच असतात. खालची उत्तरं निरोगी प्रौढांना धरून दिली आहेत. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरी दहा मिनिटांत कंटाळा येतो, मग क्लासमध्ये पाऊण तास कसा निघून जातो?

आजूबाजूला माणसं असली की शरीर आपोआप जास्त सावध, जास्त तयार होतं. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या वेळा तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा सोबतीने पळवणारे वेगवान निघाले. मात्र हा फायदा अंगवळणी पडलेल्या कामातच मिळतो. १९६९ मध्ये रॉबर्ट झायन्स आणि सहकाऱ्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केला. इतर झुरळं बघत असताना सरळ वाटेवरचं झुरळ लवकर पळालं, वळणावळणाच्या वाटेवर मात्र त्याला एकट्यापेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणून साधा मार्च, स्क्वाट, हात वर-खाली, यांत गर्दीमुळे जोर वाढतो. नवीन, वळणाची स्टेप मात्र तुम्ही सगळ्यांसमोर घरच्यापेक्षा वाईट कराल, आणि त्यात तुमचा दोष काहीच नाही. नवख्याने पहिली रांग टाळावी, तशी शेवटचीही टाळावी. दुसऱ्या रांगेत, किंचित कडेला उभं राहा: ट्रेनरचे पाय दिसतात आणि पुढच्या माणसाचेही. आधी नुसते पाय, ते जमले की हात, ते जमले की जोर. हा क्रम उलटा केला की माणूस पहिल्याच दिवशी “मला नाचता येत नाही” असं ठरवून घरी जातो.

मग काही जण नुसते हातपाय हलवून निघून जातात, ते कसं?

तीही गर्दीचीच दुसरी बाजू आहे. फ्रेंच शेतकी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावला आणि १९१३ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघांत प्रत्येकी ९३, तिघांत ८५, आणि आठ जणांत जेमतेम ४९. त्यातला काही भाग एकाच वेळी न ओढल्यामुळे वाया जातो, हे खरं. पण १९७४ मध्ये हाच प्रयोग डोळे बांधून आणि मागे खोटे ओढणारे उभे करून झाला, तेव्हाही माणसाने जोर कमी केला. सोबत कोणी आहे एवढं वाटणंच पुरलं.

आपला वाटा वेगळा दिसत नसला की अंग चोरलं जातं. आळशी स्वभावाशी त्याचा संबंध थोडाच. तीस जणांच्या हॉलमध्ये “चला, सगळे जोरात!” ही हाक कोणालाच उद्देशून नसते. उपाय वाटा दिसण्यातच आहे. बॅचची चार-पाच जणांची टोळकी करा. एका मिनिटात किती स्क्वाट झाले ते प्रत्येकाने आपल्या नावापुढे लिहावं, आणि तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी असावी. ट्रेनरने एका क्लासमध्ये प्रत्येकाचं नाव निदान एकदा घ्यावं. तेवढ्याने मागची रांग बदलते.

जोडीने व्यायाम करायचा तर जोडीदार कसा निवडावा?

तुमच्यापेक्षा थोडा वरचढ. मैत्रीण, नणंद, ऑफिसातला सहकारी, कोणीही चालेल, पण थोडाच वरचढ. १९२० च्या दशकात ऑटो क्योलर यांनी बर्लिनच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर प्रयोग केले. एक थांबला की दोघांचंही काम थांबतं अशी मांडणी असली तर कमकुवत गडी एकट्यापेक्षा जास्त तग धरतो, असं त्यांना दिसलं. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना हा परिणाम सगळ्यात जास्त होता. अगदी बरोबरीचे असले किंवा फारच अंतर असलं की तो ओसरला.

म्हणजे तुमचा प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरून ठेवणं) ४० सेकंदांचा असेल तर ५०-५५ सेकंदवाला जोडीदार चांगला. तीन मिनिटं धरणाऱ्या कॉलेजच्या मुलाशेजारी तुम्ही ३५ व्या सेकंदालाच “त्याचं काय!” म्हणून खाली बसाल. मांडणीही तशीच हवी: दोघं एकदम सुरू, एकाने गुडघे टेकले की दोघांचा सेट संपला. सहा आठवड्यांनी फरक पुन्हा मोजा, कारण तोवर मागचा बहुधा पुढच्याला गाठतो आणि जोडी निरुपयोगी होते. दर वेळी तोच जिंकत असेल तर त्याला वरचढ जोडीदार शोधून द्या. त्याचाही काही हक्क आहे.

“फुल एफर्ट” म्हणजे नेमका किती? मोजायचा कसा?

घाम हे माप नाही. जुलैत बडोद्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसतं उभं राहिलं तरी टीशर्ट भिजतो. शेजारणीचा वेग हेही माप नाही. सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे श्वास, आणि तो तपासायला बोलून बघायचं.

“शुभं करोति कल्याणं, आरोग्यं धनसंपदा” सगळ्यांना पाठ असतं, तेच वापरा. ० ते १० अशी पट्टी धरा, ० म्हणजे खुर्चीत बसलेले, १० म्हणजे यापुढे एक पाऊलही नाही. दोन्ही ओळी सलग, नेहमीच्या आवाजात म्हणता आल्या तर तुम्ही ३-४ वर आहात. एक ओळ म्हणून श्वास घ्यावा लागला तर ५-६. “शुभं करोति” एवढ्यावरच धाप लागली तर ७-८. शब्दच फुटत नसेल तर ९, आणि तिथे सेकंदांत मोजण्याइतकंच राहायचं असतं.

जोर असा स्वतःच्या अंदाजाने मोजण्याची स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची मूळ पट्टी ६ ते २० आहे. हे विचित्र आकडे मुद्दाम निवडले आहेत: आकड्याला दहाने गुणलं की तरुण, निरोगी माणसाचे मिनिटाचे ठोके साधारण मिळतात. मनगटी घड्याळावर ठोके बघत असाल तर कमाल ठोक्यांसाठी २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र बरं. ४५ व्या वर्षी ते सुमारे १७६ येतं. पण ही सरासरी आहे, प्रत्यक्षात १० ठोके इकडेतिकडे सहज असतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर घड्याळाकडे बघूच नये. गोळी ठोके वाढू देत नाही, माणूस आकडा गाठायला धापा टाकत राहतो. त्यांनी श्लोकच म्हणावा.

डंबेल किंवा बँडच्या सेटमध्ये श्वास हे माप चालत नाही. तिथे “अजून दोन नीट झाले असते” अशा वेळी थांबा.

४५ मिनिटांच्या क्लासमध्ये हा जोर कसा वाटून घ्यायचा?

सर्वसाधारण चूक अशी: दुसरंच गाणं आवडीचं लागतं, माणूस पाचव्या मिनिटाला ८ वर जातो, विसाव्या मिनिटाला पाणी प्यायला बाहेर, आणि उरलेला वेळ मोबाईल. जोराच्या दिवशी थोड्याफार फरकाने चालेल अशी वाटणी ही:

पहिली ८ मिनिटं २ ते ३ वर. नंतरची १२ मिनिटं ४ ते ५. मग १५ मिनिटं मुख्य भाग: एक मिनिट ७, दीड मिनिट ४, असे सहा फेरे. त्यानंतर पाच मिनिटं ताकदीची (स्क्वाट, भिंतीवरचे किंवा जमिनीवरचे पुशअप, प्लँक), आणि शेवटची पाच उतरती.

ही उतरती पाच मिनिटं लोक सगळ्यात आधी कापतात. एकदम थांबलं की रक्त पायांत साचून चक्कर येते, हे एक कारण. दुसरं जास्त कामाचं आहे. व्यायाम कसा वाटला याची आठवण शेवटावर बरीच अवलंबून असते, आणि परवा पुन्हा यायचं की नाही हे त्या आठवणीवर. शेवटचं गाणं सगळ्यात दमवणारं ठेवणारे ट्रेनर आपलीच बॅच रिकामी करत असतात.

आठवड्यात ७-८ चा क्लास दोनदा पुरे, बाकीचे दिवस ४-५. जागतिक आरोग्य संघटनेचं माप प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचं काम, असं आहे. डायरीत रोज पट्टीवरचा आकडा गुणिले मिनिटं लिहून ठेवा: ४५ मिनिटं ६ वर म्हणजे २७०. आठवड्याची बेरीज एकदम दीडपट झाली, तर पुढच्या आठवड्यात गुडघा किंवा पोटरी कुरकुरते.

ट्रेनर “अजून दोन, अजून दोन” म्हणतो. मध्येच थांबलं तर चालतं का?

चालतं, आणि कधी थांबायलाच हवं. स्क्वाटमध्ये गुडघे आत वळू लागले, प्लँकमध्ये कंबर लोंबली, उडी मारून उतरताना पाय धाडकन आपटू लागले, श्वास रोखून धरला जाऊ लागला, की तो सेट संपला. त्यापुढच्या “अजून दोन” चा स्नायूला फायदा थोडा, सांध्याला भार जास्त. थांबायचं म्हणजे बसायचं नाही. जागच्या जागी मार्च, हात खाली, चार आकडे मोजत श्वास, आणि पुन्हा सामील.

छातीत दाब किंवा दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे पडणं: इथे मार्चही नाही. थांबा, ट्रेनरला सांगा, घरी एकटे जाऊ नका. छातीतला दाब किंवा कळ असेल तर लगेच १०८ ला फोन.

ट्रेनरने काय बोललं की लोक खरोखर जोर लावतात?

श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी व्यायामशाळा आणि ती चालवणारे प्रा. माणिकराव यांच्या या गावाला सांघिक व्यायाम नवा नाही, आणि जुन्या कवायतीतली एक गोष्ट आजच्या झुंबालाही लागू पडते. हुकुमाचे दोन भाग असतात: आधी लांबवलेली पूर्वसूचना, मग तोडून दिलेला कृतीचा शब्द. आठाच्या मोजणीत पुढची स्टेप पाचव्या आकड्याच्या आत सांगून झाली पाहिजे. आठव्या आकड्याला “उजवीकडे!” ओरडलं की अर्धी बॅच डावीकडे आपटते, लाजते, आणि लाजलेला माणूस जोर लावत नाही.

“शाब्बास” पेक्षा “टाच टेकलेली आहे, असंच ठेवा” हे वाक्य जास्त चालतं, कारण माणसाला आपण नेमकं काय बरोबर केलं ते कळतं. दर स्टेपला दोन पर्याय दाखवा, पण सोप्याला “ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी” म्हणू नका. “पहिला पर्याय, दुसरा पर्याय” पुरे. “ढोकळा खाल्ला ना काल, आता जाळा!” असले विनोद बंद. त्याने त्या दिवशी हशा मिळतो, आणि पुढच्या महिन्यात दोन जणी कमी होतात. शिक्षा म्हणून बर्पी (खाली बसून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी) लावणंही तसंच. जो व्यायाम रोज करायला सांगायचा आहे, त्यालाच शिक्षा कशी म्हणणार?

गाणी मोठ्याने लावली की जास्त व्यायाम होतो का?

मोठ्याने नव्हे, योग्य लयीत. मिनिटाला १२० ते १४० ठेक्यांची गाणी मध्यम व्यायामाला बसतात. पाय आपोआप ठेक्यावर पडतात आणि तेवढाच जोर हलका वाटतो. पट्टीवर ८ च्या वर मात्र शरीराची ओरड गाण्यापेक्षा मोठी होते, तिथे संगीताचा उपयोग थोडाच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कमी करा. कानात शिटी वाजत घरी जाणं काही फिटनेस नाही.

नवरात्रीत नऊ रात्री गरबा खेळतो. तेव्हा क्लास बंद ठेवला तर बिघडतं?

जोराचा क्लास बंदच ठेवा. दोन-अडीच तासांचा गरबा हा भरपूर व्यायाम आहे, रिंगणात शेकडो लोक एका तालात असल्यामुळे जोर किती लागतोय ते कळतही नाही. म्हणूनच दुखापती बहुधा तिसऱ्या-चौथ्या रात्री होतात. कारणं ठरलेली: अनवाणी मैदान, तीच गिरकी पुन्हा पुन्हा, रिंगण एकाच दिशेने फिरत असल्यामुळे एका अंगावर जास्त भार, आणि रोज चार तास झोप.

तयारी चार आठवडे आधी सुरू करा. पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली १५ चे तीन सेट, एक दिवसाआड. एका पायावर तोल ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी. घरात रोज दहा मिनिटं अनवाणी चालणं, मग अनवाणी स्टेप. गिरक्या दोन्ही दिशांनी. नवरात्रीत सकाळी १५ मिनिटं पोटरी, मांडी आणि कंबर सैल करा, बस्स. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर ती रात्र बाहेर बसून बघा.

पहिल्या क्लासनंतर जिना उतरता येईना. हे बरोबर आहे का?

न केलेल्या व्यायामानंतर दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि चार-पाच दिवसांत जातं. हलकं चालत राहा. पहिले चार क्लास पट्टीवर ५ च्या वर जाऊ नका, बाकी बॅच काहीही करो. पण स्नायू सुजून कडक झाले, हातपाय उचलेनासे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर तडक रुग्णालयात. स्नायू फुटून त्यांतली द्रव्यं मूत्रपिंडावर येतात तेव्हा असं होतं. पहिल्याच दिवशी इरेला पेटलेल्या तगड्या माणसांतही हे दिसतं.

मे महिन्यात दम लवकर लागतो. फिटनेस गेला का?

नाही. उष्णतेत रक्त त्वचेकडेही पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच कामाला ठोके जास्त पडतात. शरीराला सरावायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर वेग कमी ठेवून पट्टीवरचा आकडा तोच ठेवा. सकाळी साडेसातच्या आत संपणारी बॅच धरा. संध्याकाळी सातला तापलेली गच्ची खालून भाजत असते. एकदा क्लासच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करून बघा. अर्धा किलो उतरलं म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी गेलं. ते पुढच्या दोन-तीन तासांत, मीठ घातलेल्या ताकासह, भरून काढा.

पहिले तीन आठवडे जोरात, मग दांड्या. उत्साह टिकवायचा कसा?

उत्साह टिकत नाही, सवय टिकते. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२०१०) नवी सवय अंगी बाणायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ पुरले, कोणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला, आणि एखाददुसरा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे “२१ दिवसांत सवय” या पोस्टरवर विसंबून २२ व्या दिवशी स्वतःला दोष देऊ नका.

पहिले दोन महिने फक्त हजेरी मोजा, जोर नाही. “आठवड्यातून तीनदा” असं न ठरवता “सोम-बुध-शुक्र, सव्वासहाला घर सोडायचं” असं ठरवा. बूट आणि बाटली रात्रीच दाराशी. अजिबात मन नसेल त्या दिवशी जाऊन फक्त वॉर्मअप करायचा आणि परत यायची मुभा ठेवा. बहुतेक वेळा माणूस थांबतो. एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन चुकवायचे नाहीत.

फी तीन महिन्यांचीच भरा. वर्षाची स्वस्त पडते खरी, पण एकदा भरलेले पैसे महिनाभरात विसरले जातात. आणि बडोद्याचं वर्ष आधी कॅलेंडरवर आखून घ्या. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गणपती, नवरात्र, दिवाळी, एवढ्यात वर्षाचे आठ-दहा आठवडे सहज विस्कळीत होतात. त्या आठवड्यांसाठी “घरी १२ मिनिटं, तीनदा” असा छोटा बेत तयार असला की सुटीनंतर परत येणं सोपं जातं. पतंगाच्या दोन दिवसांत गच्चीवर मान वर करून उभं राहणं हा व्यायाम धरू नये.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज आकडे टाकणं, पहिला नंबर जाहीर करणं, याचा फायदा होतो?

वरच्या तिघा-चौघांना होतो. खालचे ग्रुप म्यूट करतात, मग क्लासही. हजेरीची खूण टाका. वजन आणि पोटाचे फोटो टाकू नका.

वजन उतरत नाही, म्हणून मन लागत नाही.

हिशोब बघा. ६० किलोच्या व्यक्तीचा ४५ मिनिटांचा मध्यम-जोराचा क्लास साधारण २५० ते ३०० कॅलरींचा. क्लास सुटल्यावरची सेव उसळ आणि वर पाव हा हिशोब सहज मिटवतात. वजनासाठी जेवण बदलावं लागेल. क्लासचं यश वेगळ्या मापांनी बघा. खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता, सकाळी अंथरुणातच मोजलेले ठोके किती, तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर एक ओळ म्हणता येते का. दर सहा आठवड्यांनी ही तीन मापं घ्या. वजनाचा काटा हलत नसतानाही यातलं निदान एक बहुधा हललेलं दिसतं.

ताप येऊन गेला, बॅचला कधी परत यायचं?

ताप असताना अजिबात नाही. नुसती सर्दी, नाक गळणं एवढंच असेल तर पट्टीवर ३ पर्यंत, तेही घरी, बाकीच्यांना प्रसाद नको. ताप उतरून दोन-तीन दिवस झाले, जेवण नीट जातंय, मग निम्म्या वेळाने आणि ४ वर सुरुवात. चिकनगुनिया किंवा डेंगी झाला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. चिकनगुनियानंतर सांधे काही आठवडे दुखतात आणि उड्यांचे क्लास तोवर बंद.